हक्कारी : डोंगर सुटलेल्या फौजेची गोष्ट



बसवनगुडीत ज्या खोलीत बसून मी हे बोलतोय, तिथून ब्यूगल रॉक चालत पाच-सात मिनिटांवर आहे. केंपेगौडाच्या काळी या खडकावर पहारेकरी असत आणि धोका दिसला की शिंग फुंकून गावाला सावध करत, असं इथले जुने लोक सांगतात. १६३८ साली विजापूरचा रणदुल्लाखान आला, त्याच्याबरोबर आपले शहाजीराजे होते. बेंगळूर पडलं आणि केंपेगौडा मागडीला निघून गेला. फौजी माणसाला या गोष्टीत शिंगापेक्षा मागडी महत्त्वाची वाटते. राजधानी गेली, पण मागे हटायला जागा होती. त्याचं घराणं मागडीत पुढे नव्वद वर्षं टिकलं.

आज ज्यांच्याविषयी सांगणार आहे त्यांच्याकडे लढायला माणसं होती, राहायला पहाड होते, आणि बंदूक तर पाळण्यातल्या पोराच्याही ओळखीची होती. मागडी तेवढी उरली नाही. हे लोक म्हणजे हक्कारीचे असिरियन.

असिरियन म्हटलं की आपल्याला शाळेतला धडा आठवतो. निनवे, असुरबानिपाल, दाढीवाले राजे, पंखवाले बैल. ते राज्य इसवी सनापूर्वी ६१२ मध्ये निनवे पडलं तेव्हा संपलं. त्यातल्या काही शिळा बघायला लंडनला जायची गरज नाही, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. लेयार्ड नावाच्या इंग्रजाने १८४०च्या दशकात निमरूद खणून काढलं, तेव्हा तिथल्या पेट्या बसऱ्याहून जहाजाने मुंबईला येत आणि मुंबईहून पुढे लंडनला जात. पण मी बोलतोय ते जिवंत असिरियन लोकांबद्दल. हे ख्रिस्ती आहेत, घरात अरमाइक भाषा बोलतात, म्हणजे येशूच्या मातृभाषेची आजची बोली. स्वतःला ते सुराये म्हणवतात. युरोपियनांनी त्यांना आधी नेस्टोरियन म्हटलं, मग एकोणिसाव्या शतकात असिरियन हे नाव रुळलं. ते प्राचीन असुरांचे थेट वंशज आहेत का, यावर विद्वान आजही भांडतात. त्या भांडणात मी पडत नाही. एखादा समाज स्वतःला ज्या नावाने हाक मारतो, ते नाव मी वापरतो.

आता तुम्ही म्हणाल, कर्नल, हे कुठले कोण लोक, आणि आपण मराठी माणसांनी यांची कथा का ऐकायची? दोन कारणं देतो.

पहिलं जुनं. या लोकांचं चर्च, म्हणजे पूर्वेचं चर्च, एके काळी इराणपासून चीनपर्यंत पसरलेलं होतं. चीनच्या शिआनमध्ये त्यांचा ७८१ सालचा शिलालेख आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा ग्रीक व्यापारी लिहून गेला की कल्लियाना गावी एक बिशप आहे आणि त्याची नेमणूक इराणातून होते. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. त्यानंतर आठशे वर्षांनी ओडोरिक नावाचा युरोपियन साधू ठाण्याला आला. तिथे नेस्टोरियनांची पंधरा घरं असल्याची नोंद त्याने केली. पंधरा घरं! ठाणेकरांनो, लक्षात ठेवा.

दुसरं कारण फौजेचं आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी इंग्रजांची फौज लढली ती बहुतांश हिंदी होती. सहावी डिव्हिजन तर पुण्याची. १९१६च्या एप्रिलमध्ये कुतला तिने शरणागती पत्करली तेव्हा तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीची पोरं. आणि हक्कारीच्या लोकांचं नशीब फिरलं ते याच फौजेच्या छावणीत. त्या टप्प्यावर आपण येऊच.

आधी मुलूख बघू. तुर्कस्तानचा आग्नेय कोपरा, जिथे इराक आणि इराणच्या सरहद्दी भिडतात, तो हक्कारी. जिलूची शिखरं चार हजार मीटरच्या वर. मधून मोठी झाब नदी खोल घळ कापत दक्षिणेला उतरते आणि पुढे टायग्रिसला मिळते. नोकरीतली काही वर्षं मी अशाच उंचीवर काढली आहेत, म्हणून नकाशा पाहिला की अंदाज येतो. घळीत एका वेळी एक खेचर जाईल एवढीच वाट. खिंडी हिवाळाभर बर्फाने बंद. अशा जागी वरच्या कड्यावर पन्नास माणसं असली की खालची हजाराची फौज खोळंबते. तोफ आणायची तर आधी रस्ता बांधावा लागतो. या मुलखाचा किल्लेदार म्हणजे हा भूगोलच होता.

त्या घळींत उतारावर दगडी बांध घालून केलेली छोटी शेतं, अक्रोडाची झाडं, आणि मुख्य धन म्हणजे मेंढरं. उन्हाळ्यात सगळं गाव वरच्या कुरणात मुक्कामाला जाई. वरची आणि खालची तियारी, तखुमा, जिलू, बाझ, दिझ या त्यांच्या स्वतंत्र टोळ्या. प्रत्येकीचा प्रमुख मलिक. जे असे स्वतंत्र, शस्त्र बाळगणारे, ते अशिरत, आणि जे कुर्द आगाच्या जमिनीवर राबत ते रयत. हा शब्द ऐकून मी पहिल्यांदा थबकलो होतो. अरबीतून निघालेला एकच शब्द झाबच्या घळीत आणि आपल्या सातबाऱ्याच्या मुलखात त्याच अर्थाने नांदत होता.

सगळ्या मलिकांच्या वर मार शिमून, म्हणजे त्यांचे कुलगुरू. कुदशानिस नावाच्या लहानशा गावात त्यांची गादी. मार म्हणजे स्वामी, केरळातल्या मार थोमातलाच मार. हे पद एकाच घराण्यात चाले, पण बापाकडून मुलाकडे नव्हे, कारण मार शिमून लग्न करत नाहीत आणि मांसही खात नाहीत. गादी काकाकडून पुतण्याकडे जाई. धर्मगुरू तोच, न्यायाधीश तोच, आणि वेळ पडली तर सेनापतीला हुकूम देणाराही तोच.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. हे ख्रिस्ती आणि शेजारचे कुर्द मुसलमान हजार वर्षं एकमेकांचे गळे कापत होते, असं चित्र काही पुस्तकांत रंगवलेलं असतं. तसं नव्हतं. हक्कारीत कुर्द अमीराच्या हाताखाली टोळ्यांचे दोन तट होते, डावा आणि उजवा, आणि दोन्ही तटांत कुर्दही होते, असिरियनही होते. मेंढरं पळवणं, कुरणावरून खून पडणं, मग मध्यस्थी, मग समेट. आपल्या मावळात जेधे आणि बांदल भांडत होते, तसंच समजा. त्या भांडणाला काही रीत होती.

ती रीत मोडली १८४०च्या दशकात. अमेरिकन मिशनरी डॉक्टर ग्रँट १८३९ मध्ये त्या मुलखात पोचला. पुढे त्याने तियारीतल्या अशिथा गावी टेकाडावर मिशनची मोठी इमारत बांधायला घेतली. आसपासच्या कुर्दांना ती किल्ल्यासारखी दिसली. त्यात आणखी दोन गोष्टी मिळाल्या. ऑटोमन सरकार टोळीवाल्या मुलखावर पकड आवळत होतं, आणि अमीर नूरुल्ला व मार शिमून यांचं बिनसलेलं होतं. १८४३ मध्ये नूरुल्लाने बोहतानच्या बद्रखानाला बोलावलं आणि दोघांनी मिळून तियारी जाळली. सुमारे दहा हजार माणसं मेली, असा आकडा सहसा दिला जातो. १८४६ मध्ये तखुमाची पाळी आली. त्याच वर्षी लेयार्ड तिथून गेला, त्याला लिझानच्या कड्याखाली हाडांचे ढीग दिसले. कड्यावर आसरा घेतलेले लोक अन्नपाणी संपल्यावर शब्द घेऊन खाली उतरले होते. शब्द पाळला गेला नाही.

मग सुलतानाने बद्रखानाला १८४७ मध्ये पकडून हद्दपार केलं. यात असिरियनांचा फायदा झाला असं वाटेल, पण अमीर गेले आणि त्यांच्या जागी सरकारी गव्हर्नर आले. दोन तटांची ती जुनी तोलामोलाची व्यवस्था संपली. आता एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला टोळ्या.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटलं तेव्हा मार शिमून होते बेन्यामीन. वय २७. उत्तरेला रशिया, अंगावर ऑटोमन सरकार, सभोवताली जिहादची हाक. मैदानी भागात ख्रिस्ती गावांवर हल्ले सुरू झाले होते, आर्मेनियनांचं काय चाललंय ते कानावर येत होतं. १९१५च्या मे महिन्यात मलिकांची बैठक बसली आणि त्यांनी रशियाची बाजू घेतली. मार शिमूनचा भाऊ होर्मिझ्द इस्तंबूलमध्ये शिकत होता. सरकारने त्याला ओलीस धरलं आणि नंतर मारलं.

जूनमध्ये मोसुलचा गव्हर्नर हैदर बेय दक्षिणेकडून डोंगरी तोफा घेऊन चढला, बाकी बाजूंनी कुर्द टोळ्या आल्या. किल्लेदार भूगोल होता हे खरं, पण किल्लेदाराला दारूगोळा लागतो. यांच्याकडे बऱ्याच जणांच्या हातात जुन्या ठासणीच्या बंदुका. गावं जळत गेली, लोक वरच्या कुरणांत सरकत गेले. रशियन मदत आली नाही. उन्हाळा संपत आला, आणि तीन-साडेतीन हजार मीटरवर बायकापोरं आणि मेंढरं घेऊन हिवाळा निघत नाही. तेव्हा त्यांनी जे केलं ते कुठल्याही स्टाफ कॉलेजात शिकवावं असं आहे. वेढ्यातून फट शोधून अख्खा समाज, म्हातारे-कोतारे, गुरंढोरं, सगळे सरहद्द ओलांडून इराणच्या सलमास आणि उर्मियाच्या मैदानात उतरले.

ती चाल लष्करी दृष्टीने शाबासकीची होती. पण त्या दिवशी हक्कारी सुटली, आणि समाज म्हणून ती पुन्हा कधी त्यांच्या हाती आली नाही. मैदानात उतरलेला डोंगरी माणूस म्हणजे इतरांसारखाच एक निर्वासित. त्याची संख्या किती, एवढाच प्रश्न उरतो. आणि यांची संख्या थोडी होती.

१९१७ मध्ये रशियात क्रांती झाली, रशियन फौज घरी निघाली. ट्रान्सकॉकेशसची आघाडी उघडी पडली. इंग्रजांना बाकूपर्यंत तुर्कांना अडवायला कोणीतरी हवं होतं. १९१८च्या सुरुवातीला कॅप्टन ग्रेसी नावाचा इंग्रज अधिकारी उर्मियाला आला. तुम्ही लढा, आम्ही पैसे, अधिकारी आणि पुढे स्वातंत्र्य देऊ, असं तो बोलला, असं असिरियन सांगतात. इंग्रज सरकारने पुढे हे कधीच मान्य केलं नाही. मी तीस वर्षं फौजेत काढलेला माणूस आहे. कॅप्टनच्या तोंडच्या शब्दावर एक ट्रकसुद्धा डेपोतून सुटत नाही. पण भुकेल्या, वेढलेल्या लोकांनी तो शब्द सरकारचा समजला यात नवल नाही. आणि ग्रेसीला पाठवणाऱ्यांना ते तसं समजलं जाईल हे कळत नव्हतं, यावर माझा विश्वास बसत नाही.

३ मार्च १९१८. शिकाक टोळीचा कुर्द सरदार सिमको याने मार शिमून बेन्यामीनना कोहनेशहरला बोलणीसाठी बोलावलं. चहापान झालं, एकी करू असं बोलणं झालं, निरोप घेऊन मार शिमून बग्गीत चढत होते तेव्हा गच्चीवरून गोळ्या आल्या. भेटीला बोलावून दगा, ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगायला नको. प्रतापगडावर आपल्या राजांनी चिलखत चढवलेलं होतं आणि जंगलात माणसं पेरून ठेवली होती. बेन्यामीननी यातलं काही पुरेसं केलं नव्हतं. यानंतर असिरियन टोळ्यांनी सलमास-उर्मियाच्या मुसलमान वस्त्यांवर जो सूड उगवला तोही लपवण्यासारखा नाही. त्यात निरपराध गावं गेली.

जुलैत उर्मियाच्या मैदानात एक इंग्रजी विमान उतरलं. वैमानिक पेनिंग्टन. दक्षिणेला साइन काला इथे येऊन दारूगोळा घेऊन जा, असा निरोप. सेनापती अघा पेत्रोस माणसं घेऊन तिकडे गेला, आणि त्याला उशीर झालासं वाटून मागे उर्मियात घबराट पसरली. सत्तर-ऐंशी हजार माणसं घरं सोडून हमदानच्या रस्त्याला लागली. ऑगस्टचं ऊन, पटकी, आमांश, दोन्ही बाजूंनी हल्ले. सुमारे पन्नास हजार इराकात बाकुबाला पोचले. उरलेल्यांतले बरेच त्या रस्त्यावर राहिले.

बाकुबा बगदादपासून ईशान्येला सुमारे पन्नास किलोमीटर, दियाला नदीच्या काठी. तिथे ब्रिगेडियर जनरल ऑस्टिनच्या हाताखाली तंबूंचं शहर वसलं. असिरियन आणि आर्मेनियन मिळून चाळीस-पन्नास हजार माणसं. रेशन, पाणी, दवाखाने, सगळं उभं केलं ते मेसोपोटेमियातल्या त्याच हिंदी-ब्रिटिश फौजेने. फौजेच्या या कामाबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, पण पन्नास हजार आजारी माणसांना एका जागी ठेवून पटकी आटोक्यात आणणं ही लढाईपेक्षा सोपी गोष्ट नव्हे.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, तिथून उत्तरेला टायग्रिसच्या काठी शरकातची लढाई झाली. शरकात म्हणजे कुठे? प्राचीन असुर नगरी, ज्या नावावरून असिरिया हा शब्द आला, तिचे अवशेष तिथेच आहेत. जर्मनांनी महायुद्धाआधी अकरा वर्षं ती जागा खणली होती. त्या टेकाडांच्या परिसरात आपली ११४वी मराठा पलटण लढली आणि या एका लढाईत तिला २८ शौर्य पुरस्कार मिळाले. ३० ऑक्टोबरला तिथल्या तुर्की फौजेने शरणागती पत्करली, त्याच दिवशी मुद्रोसला तहावर सह्या झाल्या. ११४व्या पलटणीचा वारसा आज बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्रात आहे.

मला या दोन फौजा शेजारी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात. दोघीही परक्या सरकारसाठी लढल्या. दोघींनाही मालक एकच. पण शरकातचा मराठा शिपाई बसऱ्याला बोटीत बसला, मुंबईला उतरला आणि पाटण नाहीतर चिपळूणच्या वाटेला लागला. तिथे त्याचं घर होतं, पांढरी होती, पेन्शनीचा कागद दाखवायला मामलेदार कचेरी होती. साहेबाने शब्द मोडला तरी गाव मोडत नव्हतं. बाकुबाचा असिरियन शिपाई पलटणीतून सुटला तर जाणार कुठे? तंबूत. त्याच्यासाठी पलटण हाच गाव झाला. अशा शिपायाला सौदा करता येत नाही, आणि मालकाला ते पक्कं ठाऊक असतं.

मारलेल्या मार शिमूनची बहीण सुरमा खानम १९१९ मध्ये लंडनला गेली. अस्खलित इंग्रजी बोलणारी, विलक्षण बाई. तिथे तिचं कौतुक झालं, दरबारी मंडळी भेटली. विग्रम नावाच्या पाद्र्याने या लोकांवर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘आपला सर्वांत छोटा दोस्त’ अशा अर्थाचं. पण नकाशावर रेघ ओढायची वेळ आली तेव्हा कौतुक कामाला आलं नाही. बेन्यामीननंतर गादीवर आलेले पौलोस १९२० मध्ये क्षयाने वारले, आणि एशाय नावाचा बारा वर्षांचा पोर मार शिमून झाला. सरकारला छावणीचा खर्च जड झाला होता. अघा पेत्रोसने १९२०च्या शरदात माणसं घेऊन उत्तरेला मुसंडी मारायचा प्रयत्न केला, तो शिस्तीअभावी आणि आपापसातल्या भांडणात फसला.

मग लेव्ही. लेव्ही म्हणजे इंग्रजांनी इराकमध्ये स्थानिकांची उभारलेली पलटण. इराकची स्वतःची सेना अरबांची, आणि लेव्ही हळूहळू जवळजवळ सगळी असिरियनांची. कुर्दांचं बंड मोडायला, तुर्कांना रोखायला, हवाई दलाच्या तळांवर पहारा द्यायला हीच माणसं. इराकी नागरिकाच्या डोळ्यांत ती परक्यांची हत्यारं झाली. ४ मे १९२४ रोजी किर्कुकच्या बाजारात भांडण पेटलं आणि लेव्हीच्या शिपायांनी सुमारे पन्नास गावकरी मारले. मी हे मुद्दाम सांगतो. पुढे यांच्यावर जे गुदरलं त्याचं हे समर्थन नाही, पण इराकी लोकांच्या मनात काय साठत गेलं ते यातून कळतं.

दरम्यान तियारी आणि तखुमाचे काही हजार लोक गुपचूप आपल्या डोंगरात परतले होते, पडकी घरं शाकारून शेतं करत होते. १९२४च्या ऑगस्टमध्ये तुर्की गव्हर्नर तिथून दौऱ्यावर निघाला, तियारीवाल्यांनी त्याला पकडलं. सप्टेंबरात तुर्की फौज आली आणि परतलेल्यांना पुन्हा हाकलून दिलं. पुढच्याच महिन्यात, २९ ऑक्टोबर १९२४ रोजी, राष्ट्रसंघाने ब्रुसेल्समध्ये तात्पुरती रेघ ओढली. ती हक्कारीच्या दक्षिणेकडून गेली. मोसुलच्या चौकशीला एक स्वीडिश, एक हंगेरियन आणि एक बेल्जियन असं तिघांचं मंडळ आलं. त्यांनी लिहिलं की या लोकांना युद्धापूर्वीचे त्यांचे हक्क मिळावेत. लिहिलं. १६ डिसेंबर १९२५ला निकाल लागला, ५ जून १९२६ला अंकाराचा तह झाला. मोसुल इराकला, हक्कारी तुर्कस्तानला. तेलाचा मुलूख कुठे आणि अक्रोडाचा कुठे, हे तुम्हीच बघा.

१९३० मध्ये इंग्रजांनी इराकशी करार केला की दोन वर्षांत स्वातंत्र्य. करारात असिरियनांसाठी काही नव्हतं. १ जून १९३२ रोजी लेव्हीने एकगठ्ठा नोकरी सोडण्याची नोटीस दिली. शिपायाकडे असलेलं हे एकच हत्यार. सरकारने काय केलं? इजिप्तमधून गोरी पलटण विमानांनी आणून उतरवली, आणि मार शिमूनकडून माणसांची समजूत काढून घेतली. ३ ऑक्टोबर १९३२ला इराक राष्ट्रसंघाचा सभासद झाला.

पुढच्या उन्हाळ्यात बगदाद सरकारने मार शिमून एशायना राजधानीत अडकवून ठेवलं. ऐहिक सत्ता सोडल्याचं लिहून द्या, असा आग्रह. २१ जुलै १९३३ रोजी वरच्या तियारीचा मलिक याकू आणि तखुमाचा मलिक लोको शेकडो सशस्त्र माणसं घेऊन टायग्रिस ओलांडून सीरियात गेले. फ्रेंचांनी त्यांना थारा दिला नाही. ४ ऑगस्टला परत येताना देरबूनला इराकी फौजेशी चकमक झाली. पहिली गोळी कोणी झाडली यावर अजून वाद आहे.

पुढचं मात्र वादाचं नाही. बक्र सिदकीच्या हाताखालच्या फौजेने दोहुकच्या आसपासची गावं धरली. आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं सिमेले गावात पोलीस ठाण्याच्या भरवशावर गोळा झाली होती. त्यांची हत्यारं आधी काढून घेतली. ११ ऑगस्टला मशिनगनची तुकडी आली. लढाईत पकडलेले बंडखोर हे नव्हते, ज्यांनी याकूबरोबर जायचं नाकारलं होतं तेच बहुतेक होते. एकूण मेलेल्यांचा इंग्रजी अंदाज ६००, असिरियन ३,०००च्या वर सांगतात. मोसुलात आणि बगदादमध्ये फौजेचं हारतुऱ्यांनी स्वागत झालं, बक्र सिदकीला बढती मिळाली. तीनच वर्षांनी त्याने बगदादवर चाल करून सरकार उलथलं, अरब जगातला पहिला लष्करी उठाव तोच. नि:शस्त्र माणसांवर गोळी झाडणाऱ्या फौजेला हार घातले की पुढे काय होतं, ते बगदादच्या मंत्र्यांना तेव्हा कळलं.

राफाएल लेम्किन या पोलिश वकिलाने, ज्याने पुढे जेनोसाइड हा शब्द घडवला, त्याच वर्षी अशा कत्तलींविरुद्ध आंतरराष्ट्रीय कायद्याचा मसुदा मांडला. आर्मेनियनांबरोबर सिमेलेचीही घटना त्याच्यापुढे होती. आणि इंग्रजांनी? मार शिमूनना विमानात बसवून सायप्रसला पोचवलं.

मग या लोकांना कुठे न्यायचं याची शोधाशोध सुरू झाली. ब्राझील बघितलं, ब्रिटिश गयानातलं रान बघितलं. शेवटी आठ-नऊ हजारांना सीरियात खाबूर नदीकाठी फ्रेंचांच्या ताब्यातल्या जमिनीवर बसवलं. त्या सपाट, उघड्या माळावर गावं वसली, आणि लोक गावाला आपल्या टोळीवरूनच ओळखू लागले. हे तियारीचं, ते तखुमाचं.

लेव्ही मात्र चालूच राहिली. १९४१च्या मे महिन्यात इराकी फौजेने हब्बानियाचा हवाई तळ वेढला तेव्हा आत लेव्हीच्या सहा कंपन्या होत्या, चार असिरियन. त्यांनी तळ राखला. तिथेही हिंदी फौज होतीच, दहावी डिव्हिजन बसऱ्याला उतरली होती आणि गुरखे विमानाने हब्बानियात आले. या शिपायांची कुटुंबं तळाच्या आतच राहत, शाळा-चर्चसकट. १९५५ मध्ये लेव्ही बरखास्त झाली, आणि तळाच्या भिंतीआडचं ते गावही गेलं. काही बगदादला, काही पुढे शिकागोला, कॅलिफोर्नियाला, सिडनीला. सुरमा खानम १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टरलॉकला वारली. त्याच वर्षी त्याच राज्यात, सॅन होजेमध्ये, मार शिमून एशाय स्वतःच्या घराच्या दारात एका असिरियनाच्याच गोळीने मारले गेले. त्यांच्याबरोबर काका-पुतण्याची गादीही संपली.

खाबूरची गावं ऐंशी वर्षं टिकली. २३ फेब्रुवारी २०१५च्या पहाटे आयसिसने त्यांच्यावर हल्ला केला आणि दोनशेच्या वर माणसं, बायकापोरांसह, धरून नेली. बहुतेकांना खंडणी घेऊन वर्षभरात सोडलं. त्यांतले फार थोडे पुन्हा त्या गावांत राहायला गेले.

आपल्याकडे या चर्चची एक शाखा आजही नांदते आहे. केरळातल्या त्रिशूरला, तिथे त्यांना सुरायी म्हणतात. १९०८ मध्ये त्यांचे महाधर्मगुरू म्हणून अबिमालेक तिमोथेउस आले, ते हक्कारीलगतच्या त्याच सरहद्दीच्या पहाडांतले. १९४५ मध्ये ते त्रिशूरलाच वारले. म्हणजे मागे त्यांचा सगळा मुलूख उजाड होत होता तेव्हा हा गृहस्थ भर मल्याळी गावात त्याच भाषेत प्रार्थना चालवत होता. बेंगळूरहून त्रिशूर एका रात्रीच्या गाडीवर आहे. कधी गेलात तर मार्त मरियम चर्चमध्ये डोकावून या, आणि सकाळच्या प्रार्थनेला थांबा. 

कुदशानिसचं मार शलिताचं दगडी चर्च मात्र अजून उभं आहे. हक्कारी शहरापासून फार लांब नाही. दार बुटकं, वाकूनच आत जावं लागतं. आत कोणी राहत नाही.

पुढच्या भागात हब्बानियाचा वेढा नकाशासकट बघू. नमस्कार.